बकूची कुंची आणि परीच्या दोन सुया

बकू नऊ वर्षांची होती आणि आत्या झाली होती! हसू नका. दादा-वहिनीला चिमुकली लेक झाली, मग बकू तिची आत्याच ना? आता बारशाला बाळासाठी कुंची द्यायची आणि बाळाच्या कानात नाव सांगायचं, हा मान आत्याचा. पण कुंची आणायची कुठून? दादा दुसऱ्यांच्या बागेत माळीकाम करायचा आणि घरातली चूल कशीबशी पेटायची. आई तर देवाघरी गेली होती. तिच्या निळ्या लुगड्याचा एक मऊ मऊ तुकडा तेवढा उरला होता. बकू रोज तो गालाशी घेऊन निजायची. शेवटी त्याचीच कुंची करायची असं तिने ठरवलं.

बारशाच्या आदल्या सकाळी ती दादाची भाकरी घेऊन बागेत निघाली. लिंबाच्या झाडात काहीतरी लुकलुकत होतं. बघते तर काय, बोटाएवढी परी! सोनेरी केस, मोरपंखी झगा आणि काट्यात अडकलेला इवलासा पंख. तो सोडवताना बकूने स्वतःचा हात ओरबाडून घेतला, पण पंखाला धक्का लागू दिला नाही.

“गुणाची गं माझी बाय!” परी म्हणाली. तिच्या तळहातावर दोन सुया चमचमल्या. “ही पंखाची सुई. हिच्या दोन्ही बाजूंना पंख आहेत ना, त्यांनी कापडात जाळीची फुलं पडतात. आणि ही जुळी सुई. एक दांडा, दोन टोकं. दोन रंगांच्या रेघा बरोबरीने चालतात. वहिनीच्या मशीनला लाव. एका सुईने एकच वस्तू शिवायची हं. आणि आधी त्याच कापडाच्या चिंधीवर शिवून बघायचं. एकदा पडलेलं भोक मलाही बुजवता येत नाही.”

बकू उड्या मारत घरी आली. कुंची कापून झाल्यावर निळ्या चिंध्या उरल्या, पण त्या आईच्या! त्यांना टोचायचं तिच्या अगदी जिवावर आलं. ‘परीची सुई थोडीच चुकणार आहे?’ असं म्हणून तिने पंखाची सुई थेट कुंचीवरच चालवली.

खटखट, खटखट! निळ्या कापडावर नाजूक फुलं उमलू लागली. बकू हरखून गेली. पण कापड धुऊन धुऊन विरलेलं. फुलांच्या ओळीवर जरा ताण पडला आणि टर्रकन कुंची आडवी फाटली.

बकू हमसून हमसून रडली. वहिनीने तिला कुशीत घेतलं. “अगं, इतक्या जुन्या कापडाला एवढी भोकं कशी सोसतील? रडू नको गं, राणी.”

तरी बकूचं रडू थांबेना. आईचं कापड तिने आपल्याच हाताने फाडलं होतं.

शेवटी तिने डोळे पुसले आणि ट्रंकेतून आपला खणाचा परकर काढला. बारशासाठीच ठेवलेला, एकुलता एक नवा.

“अगं, मग तू काय घालशील?”

“हाच फ्रॉक,” बकू म्हणाली. तो पार विटलेला होता.

या वेळी तिने आधी खणाच्या चिंधीवर शिवून पाहिलं. जुळी सुई लावून मशीनचं चाक हळूच हाताने फिरवलं, कोपरा आला की सुई वर घेऊन मगच कापड वळवलं. लाल आणि पिवळी रेघ दोन बहिणींसारख्या शेजारी शेजारी चालल्या. बाळाच्या गालाशी येईल तिथे आतून तिने निळ्या चिंध्या जोडल्या.

बारशाला बायका कुंचीकडे बघतच राहिल्या. तेवढ्यात पाळण्याच्या दोरीवर एक रुपेरी ठिणगी चमकली. परी! ती फक्त बकूलाच दिसत होती.

“स्वतःचं नवं बाळाला दिलंस. माग बाळा, काय हवं?”

“आईचं कापड पहिल्यासारखं कर ना गं.”

परीचे डोळे भरून आले. “तेवढं नाही गं जमत.” पण तिने निळ्या चिंध्यांना हात लावला आणि त्यांना आईच्या शिकेकाईचा वास येऊ लागला. विटका फ्रॉक गुलबक्षी रंगाने झळाळला. मग सगळं घर उजेडाने भरलं आणि त्या उजेडात परी विरघळून गेली.

नव्या फ्रॉककडे बकूने पाहिलंसुद्धा नाही. ती पाळण्यात वाकली आणि निळ्या कापडाला नाक लावून बाळाच्या कानात तिने आईचंच नाव सांगितलं.

“कावेरी.”

नाव सांगून झालं, तरी ती उठेना.

“तुझं कापड फाडलं गं मी, आई,” ती हळूच म्हणाली.