भर वाऱ्यात उघडलेली पेटी

“...प्रश्न विचारणं हा गुन्हा आहे का, एवढंच मला सांगा आक्का.”

सुहास ओंबळे ओसरीवर बसलासुद्धा नव्हता. घोंगड्यात गुंडाळलेली मधमाश्यांची पेटी त्यानं जमिनीवर टेकवली आणि उभ्याउभ्याच तोंड उघडलं. पेटीच्या दाराला जाळी मारलेली होती. आत माश्या गुणगुणत होत्या.

गोदूआक्का शेंगा फोडत होत्या. हात थांबला नाही.

“बस,” त्या म्हणाल्या.

आमचा मठ घाटमाथ्यावर, वारा खायला मोकळा. मागं आक्कांच्या सातेरी माश्यांच्या पेट्या आहेत. लोक येतात ते कधी मनाचं दुखणं घेऊन, कधी माश्यांचं. आक्का दोन्हींना सारखाच वेळ देतात.

इथली एक रीत आहे. आपला प्रश्न सांगायच्या आधी तो आणखी कुणाकुणाला विचारलाय ते सांगायचं. त्यात लाज काही नाही. आधीच्यानं काय सांगितलं ते कळतं, आणि पुढच्याची पायपीट वाचते. अडाणी गुराखीसुद्धा ही रीत पाळतो.

हा शिकलेला. रीत कुठली पाळतोय?

“पोळ्याच्या घरांतच अळ्या मरताहेत,” तो म्हणाला. “चार पेट्या होत्या. तीन गेल्या. ही शेवटची. आणि आता या घटकेला एक माणूस मला उत्तर द्यायला तयार नाही. इंटरनेटवरच्या फोरमवाल्यांनी तर माझ्या प्रश्नाला कुलूप लावलं, खाली कुणाला उत्तरच लिहिता येत नाही.”

“आधी कुणी दिलं होतं उत्तर?”

“दिलं होतं ना. मागच्या खेपेला हाच रोग आला, तेव्हा इंटरनेटवर पाच ठिकाणी विचारलं. दोन फोरम, तीन ग्रुप. एकच मजकूर, एकच फोटो. एकानं लगेच सांगितलं, राणीमाशीला थोडे दिवस वेगळं ठेव. ठेवलं. पेटी सुधारली.”

“मग बाकीच्या चार ठिकाणी कळवलंस?”

“आता पाच ठिकाणी कुठं सांगत बसू आक्का?”

“विचारलंस मात्र पाच ठिकाणी.”

...

मी आत चुलीपाशी होतो. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते याच लोकांसाठी. आणि वर तोंड करून इथं गाऱ्हाणं सांगायला आलाय.

त्याचं गाऱ्हाणं अजून संपलं नव्हतं.

“मग कुणीतरी माझे पाचही प्रश्न एकाखाली एक लावून सगळीकडं दाखवले. चोर पकडल्यासारखे. लोक तुटून पडले माझ्यावर. भोरकडची एक बाई तर भांडायलाच उठली. म्हणे, तुझा फोटो नीट कळेना म्हणून मी माझी पेटी भर वाऱ्यात उघडली. माझ्या अळ्यांशी ताडून बघितलं आणि मग तुला एवढं लांबलचक लिहिलं. आणि तुला तर आदल्या दिवशीच दुसरीकडं उत्तर मिळालं होतं.”

“खरं होतं ते?”

“असेल. पण मी तिला सांगितलं होतं का पेटी उघडायला?”

आता मात्र मला राहवेना. हातातली पळी तशीच घेऊन मी ओसरीवर आलो.

“अहो, ती बाई तुमच्यासाठी...”

आक्कांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी पळी हातात घट्ट धरून तिथंच उभा राहिलो.

“सुहास,” आक्का म्हणाल्या, “आम्ही कितवे?”

त्यानं मान वळवली.

वारा चांगलाच सुटला होता. ओसरीवरची शेंगांची टरफलं अंगणात उडत चालली होती. आक्कांनी डोक्यावरचा पदर कानामागं खोचला आणि पेटीकडं बोट केलं.

“बघू. उघड.”

“आत चला ना. आडोशाला.”

“नको. इथंच उघड. उजेड चांगला आहे.”

“आत्ता? या वाऱ्यात?”

“का?”

तो हसला. म्हाताऱ्या माणसाला समजावताना शहरातली माणसं हसतात, तसा.

“आक्का, तुम्हाला मी काय सांगायचं. वाऱ्यात पेटी उघडायची नसते. अळ्या गारठतात. मरतात. माझी ही एकच उरलीय.”

आक्कांचं बोट तसंच पेटीकडं होतं.

तो पेटीपुढं सरकून बसला. दोन्ही हातांनी त्यानं घोंगडं आवळून धरलं.

“नाही आक्का. मी नाही उघडणार.”

“तिनं उघडली होती,” आक्का म्हणाल्या.

...

घोंगड्यावरचे त्याचे हात सैल झाले. मी पळी खाली घेतली. खरं तर अजून चार शब्द सुनावायचे होते मला, पण त्याच्या तोंडाकडं बघून ते सुचेनात.

“तिचं नाव काय?” आक्कांनी विचारलं.

त्यानं फोन काढला. खालीवर सरकवत राहिला. बराच वेळ.

“सापडेना,” तो म्हणाला. “त्या भांडणानंतर मी त्या ग्रुपमधून बाहेर पडलो.”

“तिच्या अळ्या जगल्या का?”

“...माहीत नाही.”

आक्का उठल्या. कमरेत वाकून त्यांनी पेटी उचलली आणि आत नेऊन चुलीच्या उबेला, भिंतीच्या कडेला ठेवली. घोंगडं चारी बाजूंनी नीट खोचलं. सुहास दारात उभा राहून बघत होता. आतलं गुणगुणणं त्यालाही ऐकू येत असणार.

“आक्का, ही पेटी वाचेल ना?”

“राहू दे इथं. बघते मी.”

“मग मी काय करू? उत्तर तरी सांगा काहीतरी.”

आक्का ओसरीवर परत आल्या. शेंगांचं सूप मांडीवर ओढलं.

“एकच प्रश्न पाच ठिकाणी विचारलास,” त्या म्हणाल्या. “दुसरा एक तू अजून कुठंच विचारला नाहीस. तो तिला विचारून ये.”