समोरून न दिसणारे पाय

“डोळे तेवढे राहिलेत, अप्पा. घेता ना आखायला?”

चिंतामणनं तिसऱ्यांदा विचारलं. दारात टेम्पो येऊन उभा. उद्या तालुक्याच्या चौकात वेठबिगारमुक्तीचा पुतळा बसायचा होता. चौथऱ्यावर शिल्पकार म्हणून चिंतामणचं नावही कोरून झालं होतं, अख्ख्या आळीला त्यानं ते दोनदा सांगितलं होतं.

पण पेणच्या त्या मूर्तींच्या कारखान्याची रीतच तशी. मूर्ती कुणीही घडवो, डोळ्यांची आखणी नरहरअप्पांच्या हातची. त्यावाचून काही उंबरा ओलांडत नसे.

अप्पांनी कुंचला उचलला आणि बघत राहिले. गुडघे टेकलेला माणूस. हात जोडलेले, मनगटांत साखळी, मान वर…

“कोण हा?”

“वीटभट्टीवरचा गोम्या हो. सुटून आला ना तो. तीन दिवस समोर बसवला त्याला, तेव्हा कुठं जमलं.”

“गोमा हिलम म्हण. बरं. साखळी होती भट्टीवर?”

“नव्हती. पण साखळीवाचून लोकांना गुलाम कळतोय कुठं?”

“मग आणलीस कुठून?”

“शेजारच्या गोठ्यातून.”

“घातली कुणी त्याला?”

“…मीच.”

अप्पांनी कुंचल्याचं टोक पाण्यात बुडवलं. नुसतंच.

चिंतामणच्या मस्तकात तिडीक गेली. दोन महिने जेवणाची शुद्ध नव्हती आपल्याला, ती काय स्वतःसाठी? पोटात कळवळा होता म्हणूनच ना?

“पाहणाऱ्याचं काळीज हललं पाहिजे, अप्पा. म्हणून वर बघतोय तो. दया मागतोय.”

“भट्टीवर वर कुणाकडे बघायचा?”

“मालकाकडे.”

“आणि चौकात?”

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

“बरं, सुटला कसा? मालकाला दया आली?”

“मालकाला? दया?” चिंतामण उसळला. “अंगावर कुत्री सोडली त्या मेल्यानं! म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन गोम्या निघाला तो निघालाच. दोन दिवस चालत होता, अप्पा. अनवाणी. मागं वळून बघितलं नाही.”

“हं.”

अप्पा उठले. ऐंशीचे गुडघे ते, कडाकडा वाजले. पुतळ्याच्या मागं जाऊन भुईवर बसले आणि हातानं चाचपू लागले. मांड्यांच्या मागं सपाट ठोकळा लागला.

“चिंतामण, पाय कुठं आहेत रे याचे?”

“समोरून दिसत नाहीत, म्हणून मग…”

बोलता बोलता त्याचाच हात त्या ठोकळ्यावर गेला.

हॉर्न पुन्हा वाजला. चिंतामण दारापर्यंत गेला, टेम्पोवाल्याला हातानंच जा म्हणाला आणि परत येऊन मान खाली घालून उभा राहिला.

अप्पांनी ओला कुंचला पुसून त्याच्या हातात दिला.

“आधी पाय कर. डोळे त्याचे तो उघडील.”