न वाजलेला सूर

"मग अडतंय कुठे?" नागनाथबुवांनी विचारलं.

"तुमच्या मठातल्या कॉम्प्युटरपाशी," हृषीकेश म्हणाला.

बुवांना हसू आलं.

हृषीकेश मोठ्या कंपनीतला इंजिनिअर. अनुग्रह घेऊनच परत जायचं असं ठरवून, रजा टाकून मठात राहायला आला होता. मठाची रीत साधी. पहाटे सगळ्यांबरोबर मौनात बसायचं. आपलं मन बैठकीत टिकलं असं ज्याला वाटेल, त्यानं बुवांपुढे नारळ ठेवायचा. बुवांनी फोडला तर अनुग्रह. हातात परत दिला, तर पुन्हा बैठक.

हृषीकेशचा नारळ अजून पिशवीतच होता, आणि रजा संपत आली होती.

"मन जरा कुठे स्थिर होतं," तो म्हणाला, "तेवढ्यात शेजारच्या खोलीत वेणूताई कॉम्प्युटर सुरू करतात. तो सुरू होताना केवढ्यानं वाजतो! केलेल्या सगळ्यावर पाणी."

"वेणूला पोथ्या टाइप करायच्या असतात. तिनं काय करावं?"

"त्यांनी काहीच करू नये. मी करतो. सेटिंगमध्ये एक खूण असते. ती काढली की फक्त सुरुवातीचा सूर बंद. बाकी आवाज तसेच. दुपारची कीर्तनं त्यांनी खुशाल ऐकावीत."

"एवढं सोपं?"

"आपल्या डाव्या हातचा मळ आहे, बुवा."

"कर मग."

त्यानं केलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. हूं की चूं नाही.

"अगंबाई, मुका झाला की हा!" वेणूताई म्हणाल्या.

हृषीकेश ऐटीत हसला. काम चोख झालं होतं, यात शंकाच नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक उठली, तसा तो नारळ घेऊन बुवांपुढे हजर. निकाल आधीच कळल्यासारखा चेहरा.

"फोडा, बुवा."

बुवांनी नारळ उचलला. कानाशी नेऊन हलवला. आत पाणी डुचमळलं...

मग त्यांनी तो हृषीकेशच्याच हातात ठेवला.

हृषीकेशचा चेहरा खर्रकन उतरला. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"पण का? आज तर तो वाजलासुद्धा नाही! वेणूताईंनी बटण दाबलं, पंखा घरघरला... आणि पुढे काही नाही. अगदी शांत!"

"शांत होतं?"

"पूर्ण शांत. शेवटपर्यंत."

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. उलट मायाच होती.

"आणि तू बैठकीत होतास?"

"होतो ना!"

"मग तो वाजत नाहीये, हे ऐकत कोण बसलं होतं?"