बयजाचं गाणं

देवळासमोर हे दोन दगड दिसतात ना, त्यातला पुढचा गाणारणीचा. मागचा मोकळा आहे, तो मोकळाच ठेवायचा असतो. तेव्हा पाहुणे मंडळी, कृपा करून त्यावर पिशव्या टेकवू नका. कळमजाईच्या जत्रेत गाणारीण एकटीच उभी राहते. झील, म्हणजे तिच्या ओळीचा शेवट उचलून लांबवणं, ते समोर बसलेला सगळा गाव करतो.

असं सांगतात की, पूर्वी झील धरायला मागच्या दगडावर हिराई असायची आणि पुढे तिची धाकटी बहीण बयजा. गाणं हिराईनं भात लावताना रचलेलं, पण गळा बयजाचा गोड. तिनं ते जत्रेत म्हटलं आणि पंचक्रोशी खुळावली. जो तो "बयजाचं गाणं" म्हणू लागला. ते कानावर आलं की हिराईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रचायचं एकीनं आणि मिरवायचं दुसरीनं! तुम्ही तिला नावं ठेवाल, पण तिच्या जागी असतात तर तुमच्याही घशाखाली घास उतरला नसता.

शेवटी तिनं देवीपुढं नारळ ठेवला म्हणे. "आई, ह्या गान्याची झील आता माज्या तोंडून निघायची न्हाई."

बयजाला याचा पत्ता नव्हता. या गाण्याच्या ओळी लांबलचक. झील चालते तेवढ्यातच गाणारणीनं दम घ्यायचा. त्या जत्रेत बयजानं ओळ सोडली आणि मागे हिराई ओठ मिटून उभी. देवीपुढं सुरू केलेलं गाणं मध्ये तोडायचं नाही, ही आमची रीत. म्हणून बयजा झीलही स्वतःच ओढत राहिली. शेवटच्या कडव्याला तिचा गळा बसला, तो कायमचा. खाली उतरल्यावर घोगऱ्या आवाजात तिनं विचारलं, "अक्का, तुला बरं न्हाई का गं?"

पुढच्या जत्रेत पुढच्या दगडावर हिराई उभी राहिली. तिच्या मनासारखं झालं होतं. तिनं ओळ सोडली, पण मागे कुणीच नव्हतं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक फाटका सूर उठला. बयजा झील ओढत होती. लोक तिला हसतील म्हणून शेजारणीनं आपला सूर त्यात मिसळला, मग दुसरीनं, मग अख्ख्या गावानं. हिराई रडत होती, तरी गाणं तिनं तोडलं नाही.

गाणं संपल्यावर बयजा ज्याला त्याला सांगत सुटली, "गानं अक्काचं हाय. तिनंच केलंय." इतकी वर्षं हेच ऐकायला हिराईचा जीव आसुसला होता. तिनं बहिणीच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "न्हाई. बयजाचं हाय."

आजही झील गावच ओढतो. उद्या तुम्हीही ओढा, गळा नसला तरी चालेल. आणि गाणं कुणाचं म्हणून विचारलंत, तर शेंबडं पोरही सांगेल, बयजाचं. खरं काय ते आम्हाला ठाऊक आहे, पण हिराईचा शब्द मोडायची आमची छाती नाही.