हातभर कच्ची शिवण

भाविकहो, पिंपळदरीत प्लेगने ठाण मांडलं त्या साली केरोबा महाराजांचा मुक्काम त्याच गावी होता. गाव घरंदारं सोडून माळावर आलं, तसे महाराजही आले. आल्या आल्या म्हणाले, "आजाऱ्यांसाठी आधी एक मोठं पाल उभं करा."

ते शिवायला पुढे आली सगुणा, गोधड्या शिवून पोट भरणारी विधवा. गावातले एकुलते मशीनवाले शिंपी मार्तंडराव पोरे यांना हसू आवरेना. आपला तंबू त्यांनी एका सकाळीच शिवून मोकळा केला होता.

"सगुणे, सुई जाईल तिथनं पाणी जाणार. ही काय गोधडी हाय व्हय?"

जवसाचं तेल पाजलेल्या कापडाच्या पट्ट्या घेऊन सगुणा बसली. दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींत दुमडून अडकवायच्या, वर मेण लावलेल्या दोऱ्याने टाक्यांच्या दोन ओळी घालायच्या, आणि दुमड उताराकडे ठेवायची, म्हणजे पाणी न अडता ओघळून जातं. वाऱ्याने काठ फाटू नये म्हणून काठात दोरी. चार दिवस तिने मान वर केली नाही. शेवटच्या जोडात हातभर जागेला नुसते कच्चे टाके होते, आणि तेवढ्यात तापाने फणफणलेल्या ओल्या बाळंतिणीला, पारूला, लोकांनी उन्हात आणून ठेवलं.

"पाल चढवा," महाराज म्हणाले.

"महाराज, हातभर शिवण कच्ची हाय."

"असू दे."

ती कच्ची जागा नेमकी पारूच्या खाटेवर आली. आजाऱ्यांनी भरलेल्या पालात खाट हलवायलाही जागा उरली नव्हती. ऊन उतरलं की पाल खाली घेऊन तेवढं पुरं करू, असं सगुणेने ठरवलं. पण दुपारीच अवकाळी आभाळ भरून आलं. भिजली तर पारू वाचायची नाही, हे सगुणेला कळत होतं. ती आत येई, वर बघे, बाहेर जाई, पुन्हा आत येई. नाम तोंडात होतं, पण चित्त सारं त्या टाक्यांवर.

पावसाने झोडपायला सुरुवात केली. महाराज पारूच्या उशाशी बसले होते.

"महाराज, माझ्याच्यानं नाम होईना."

"मग नुसती बस, बाई. आज मी घेतो."

इतक्यात मार्तंडराव म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन आत आले. मशीनच्या एकेरी शिवणीने त्यांचा तंबू चाळणीसारखा गळत होता. आईला कोरड्यात टेकवून त्यांनी सवयीने वर पाहिलं आणि ते जागीच थिजले. पारूच्या डोक्यावर सुईची भोकं उघडी होती. त्यांतून आभाळाचा उजेड दिसत होता, वरून पाणी वाहत होतं, आणि खाली वाकळेवर एक थेंब नव्हता. बाकीच्यांना वाटलं, सगुणेने झकास शिवलंय. काय घडतंय हे उमजलेला तिथे तो एकच माणूस होता, कारण त्याचा जन्म शिवणीत गेला होता.

मार्तंडरावांनी महाराजांचे पाय धरले. "महाराज, हे गळायलाच पाहिजे."

"पाहिजेच," महाराज म्हणाले. "बाईनं बोटं सोलून जेवढं व्हायचं तेवढं केलं. उरलेलं त्यानं धरलंय. पण पाऊस थांबला की शिवून घ्या बाबा, त्याला किती वेळ तिष्ठत ठेवायचं?"

पाऊस ओसरला. पारूने पाणी मागितलं, बाळाला जवळ घेतलं. मार्तंडरावांनी पाल उतरवलं, चिखलातच सगुणेपुढे मांडी घातली आणि मान खाली घालून म्हणाले, "बाई, ही दुमड कशी घालायची, तेवढं मला दाव."