इमाहोयोची बिनभिंतींची जमीन

अमेरिकेतल्या ओक्लाहोमात एका ओढ्याकाठी बुटके टेकाड आहे. त्यावर चोपून टणक केलेली चौकोनी जमीन, बस. भिंत नाही, छप्पर नाही. चिकसॉ या मूळ अमेरिकी जमातीच्या मेविस आजी पाहुण्यांना तिथे नेतात, तेव्हा आधीच बजावतात, "फोटो काढण्याजोगं इथं काही नाही. बसा आणि ऐका." मग त्या इमाहोयोची हकीकत सांगतात.

चिकसॉ लोक तेव्हा मिसिसिपी नदीच्या पूर्वेला, आपल्या मूळ मुलखात राहत. घर बाईचे असे, आणि घरातले माणूस गेले की त्याला घराच्याच जमिनीखाली पुरत. वर माणसे जेवताहेत, झोपताहेत आणि खाली गेलेले सोबतीला. इमाहोयोची एकुलती एक मुलगी पाचव्या वर्षी तापाने गेली, तीही आईच्या अंथरुणाखालीच निजली होती. इमाहोयो रोज झोपण्यापूर्वी तिच्याशी चार शब्द बोले म्हणे.

पुढे सरकारने मुलूख सोडायला लावला. सारी जमात पश्चिमेला निघाली, इमाहोयो काही दारातून हलेना. शेवटी भाऊ ओनातबी म्हणाला, "ऊठ आता. गाड्या निघाल्या." तेव्हा ती जमिनीशी वाकून मुलीला म्हणाली, "नवी जागा तयार झाली की तुला न्यायला येते."

या टेकाडावर आल्यावर तिने आधी जमीन चोपली. ज्याच्याखाली आपले कुणी नाही ते कसले घर, भिंती मुलगी आल्यावर, असा तिचा हट्ट. मग ती पायीच माघारी गेली, एकटी. पोहोचायला तिला दोन महिने लागले असे सांगतात. पाहते तो घर नाही, गाव नाही. सगळे नांगरून कापूस लावलेला. घरातली चोपलेली जमीन टाचेला कळेल या आशेवर ती सरीसरीतून टाच आपटत फिरली. तीन दिवस फिरली. जिथे तिथे टाच मऊ मातीत रुतत होती. आपले लेकरू नेमके कुठे आहे हे आईलाच सांगता येईना, तिच्याइतके एकटे त्या दिवशी कुणी नसेल.

ती रिकाम्या हातांनी परतली. भिंती तिने कधीच घातल्या नाहीत. जमीन मात्र रोज चोपायची, कुणाचा नांगर शिरू नये इतकी. थंडीत ओनातबी बोलवायला यायचा, "माझ्याकडे चल, शेकोटी आहे." ती म्हणायची, "तिला शब्द दिलाय." त्या उघड्यावरच तिचे केस पिकले आणि तिथेच ती गेली. जाताना भावाला एवढेच म्हणाली, "मला मधोमध नको. जरा कडेला ठेव."

त्याने तसेच केले.

आजही मका तयार झाला की जमातीच्या बाया पायांना कासवाच्या कवचांचे खुळखुळे बांधून तिथे नाचतात आणि टाचांनी सगळी जमीन पुन्हा घट्ट करतात. इमाहोयोच्या शेजारच्या दोन हात जागेवर मात्र कुणी पाय देत नाही. तिथली माती खुरप्याने भुसभुशीत करून ठेवतात, खणायला सोपी जावी म्हणून.