परटाच्या ठकूनं तळं धुतलं

"तळं धुऊन दे, नाहीतर गाव सोड!" उंबरगडचा राजा कडाडला.

सटवा परटानं हात जोडले. कपडे धुणारा माणूस तो, तळं कसं धुणार? पण झालं होतं असं, की एवढं निवळशंख तळं वर्षभरात हिरवंगार झालं, त्याला वास सुटला, डासांनी राणीसाहेबांचे गाल सुजवले. आणि खापर फुटलं कुणावर? तर रोज तिथं धुणं धुणाऱ्या परटावर!

तेवढ्यात बापामागून ठकू पुढं आली. सटवाची थोरली लेक ती, जिभेला हाड नाही!

"धुते की, महाराज! पण साधा पंचा म्हटला तरी भिजत घालावा लागतो, हे तर केवढं तळं! दिवाळीपर्यंत मुदत द्या. आणि ओढ्याच्या तोंडाशी मी काय करीन त्याला कुणी हात लावायचा नाही."

"दिली! पण तळं उपसायचं नाही हं!"

"घोटभरसुद्धा नाही!"

ठकू गेली खालच्या रानातल्या दलदलीत. पाणकणीस, लव्हाळा, वेखंड, सगळं गड्ड्यांसकट आणलं. गावाचं सांडपाणी ओढ्यातून तळ्यात शिरतं ना, तिथं गुडघाभर चिखलात लावत सुटली. प्रधानजी पोट धरून हसले.

"अगं, तळं धुतेयस की भात लावतेयस?"

"धुणारे बसवतेय, प्रधानजी! पुढं येऊ नका, धोतर माखेल, मग तेही मलाच धुवावं लागेल!"

पाऊस झाला. पाणकणीस पुरुषभर वाढलं. ओढ्याचा गाळ त्याच्यात अडकला, घाण मुळांनी पिऊन टाकली. बेडूक परतले, त्यांनी डासांचा फडशा पाडला. दिवाळीला राजा काठावर येऊन बघतो तो काय, तळाचे गोटे दिसताहेत!

"शाबास! किती गडी लावलेस? मजुरी सांग!"

"मजुरी कसली? तुमची घाण खाऊनच पोट भरतं त्यांचं. आणि गडी तुमचेच जुने, महाराज. गेल्या साली तुम्हीच मुळासकट उपटून उकिरड्यावर टाकले होते!"

राजा ओशाळला, पण हट्ट सुटतोय थोडाच!

"टाकणारच! त्या झाडोऱ्यापायी महालाच्या खिडकीतून तळं दिसत नव्हतं. आताही दिसत नाही!"

"खरंय, महाराज. तळं दिसत होतं, तेव्हा वासापायी खिडकी लावून बसत होता. आता दिसत नाही, तर खिडकी सताड उघडी!"

राजा असा हसला, असा हसला, की पाणकणसातल्या पाणकोंबड्या फडफडत उडाल्या! सटवाला धुण्याचा घाट पिढ्यान्‌पिढ्या बहाल झाला, ठकूच्या हातात सोन्याचं कडं आलं. आणि खिडकी? ती राजानं गवंडी लावून एक मजला वर चढवली!